काळा दगड, गुलाबी दगड

प्रश्न : आमच्याकडं पैठणला विहीर खणली की काळाच दगड लागतो, अन् देगलूरला मावशीकडं गेलो तर तिकडं ठिपक्याठिपक्यांचा करडा-गुलाबी. दोन्ही लाव्हाचेच ना, मग एवढा फरक कसा काय?

उत्तर : लाव्हाचा फक्त तुमचा काळा, म्हणजे बेसाल्ट. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीवर थरावर थर पसरला आणि वर हवा लागून पटकन थिजला, म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसतच नाहीत. आत गॅसचे बुडबुडे अडकून भोकं राहिली, त्यात नंतर झिओलाइट नावाचं पांढरं खनिज भरलं, विहिरीच्या मलब्यात नीट बघा, सापडेल. वेरूळची लेणीही ह्याच दगडातली. मावशीकडचा ग्रॅनाइट मात्र कधी बाहेर आलाच नाही, तोही आधी वितळलेलाच होता, पण खोल जमिनीतच लाखो वर्षं हळूहळू गार होत बसला त्यामुळं कण मोठे : गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखं क्वार्ट्झ, चमकणारा अभ्रक. वरची जमीन झिजली तेव्हा तो उघडा पडला. वयानं तो बेसाल्टपेक्षा कितीतरी म्हातारा बरं का! आणि हो, ओट्याचा 'ब्लॅक ग्रॅनाइट' बऱ्याचदा ग्रॅनाइट नसतोच, डोलेराइट किंवा गॅब्रो नावाचा दुसराच काळा दगड असतो, दुकानदाराशी भांडू नका, धंद्यातलं नावच तसं पडलंय.