पिकअपला ट्रॉली जोडली की मागून बसते: तुमचे प्रश्न

विजयनगर, इंदूर: दादा, बोलेरो पिकअप आहे, लग्नांसाठीचा जनरेटर ट्रॉलीवर ओढतो. ट्रॉली जोडली की मागून बसते. दोन पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जास्तीचे टाकू का?

पाटे नंतर भाऊ, आधी टेप घ्या. गाडी सपाट जागेवर उभी करून चारही चाकांच्या मधापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, मग ट्रॉली जोडून परत मोजा. सगळे मागचंच बघतात, मी पुढचं बघतो, कारण पुढून गाडी उचलली म्हणजे स्टेअरिंग हलकं, पुढच्या ब्रेकची पकड कमी आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. हिशोब असा आहे की हुकवर १५० किलो असेल, हुक मागच्या ॲक्सलपासून (चाकं जोडणाऱ्या दांड्यापासून) १.२ मीटर मागे आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३ मीटर, तर पुढच्या चाकांवरचे ६० किलो कमी होतात आणि मागे १५० नाही, २१० वाढतात. पाट्यांनी मागचं वर येईल, पण ते ६० किलो पुढे परत जाणार नाहीत.

म्हणून धरमकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर जा. आधी पूर्ण ट्रॉलीचं वजन घ्या, मग तिची चाकं काट्याबाहेर ठेवून फक्त हुकाकडचा जॅक काट्यावर टेकवा. पुढचं हे वजन पूर्ण ट्रॉलीच्या १० ते १५ टक्के हवं. जास्त निघालं तर जनरेटर थोडा मागे सरकवा, फुकटात काम होतं. एवढं करूनही बसलीच तर एक हेल्पर पाटा, म्हणजे मदतीचा जादा पाटा टाका, दोन नको, ट्रॉली नसेल तेव्हा रिकामी गाडी खड्ड्यात मागून उड्या मारेल.

राऊ: इसुझू व्ही-क्रॉस आहे, शनिवार-रविवार खाण्याच्या स्टॉलचा ट्रेलर ओढतो. एअरबॅग (मागच्या सस्पेन्शनला लावायची हवेची पिशवी) घेऊ की पाटे?

आठवड्यात दोनच दिवस ओढता ना, मग एअरबॅग, बाकी दिवस हवा कमी करता येते. पण पूर्ण काढायची नाही, थोडी ठेवायचीच, नाहीतर बॅग चिमटते आणि फाटते. दोन्ही बाजूंच्या नळ्या वेगळ्या ठेवा, एकत्र जोडल्या तर वळणावर हवा एकीकडून दुसरीकडे पळते आणि गाडी जास्तच कलते. आणि रिकाम्या गाडीच्या उंचीपेक्षा वर फुगवू नका.

आता जे सहसा कुणी सांगत नाही ते. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून एक बारीक दांडी वर एका व्हॉल्व्हला जाते, तो मागची उंची बघून मागच्या ब्रेकला किती प्रेशर द्यायचं ते ठरवतो. पाटे किंवा एअरबॅगने मागचं उचललं की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो! गेल्या पावसाळ्यात भेरूघाट उतरून एक गाडी माझ्याकडे आली, हेल्पर नवीनच टाकले होते. पुढच्या डिस्क निळ्या पडलेल्या, पॅडचा जळका वास, आणि मागच्या ड्रमवर मी हात ठेवला तर जवळजवळ थंड. त्या माणसाची बायको-पोरं गाडीत होती, मला अजून आठवलं की कसंतरी होतं. तुमच्या गाडीला तो व्हॉल्व्ह असेल तर काम झाल्यावर दांडीची सेटिंग करून घेतल्याशिवाय गॅरेजमधून निघू नका.

देवास: जाड शॉकअप टाकले तर जास्त लोड उचलेल का?

नाही. वजन पाटे उचलतात, शॉकअप फक्त हेलकावे थांबवतो. तेल गळत असेल तर जोडीनेच बदला. आणि काहीही बदललं तरी आरसीवरची वजनाची मर्यादा तीच राहते, ॲक्सल, चेसिस आणि ब्रेक तर जुनेच आहेत ना.

महू: गणेश घाट उतरताना ट्रेलर शेपटीसारखा हलतो. सस्पेन्शन बदलू?

आधी माल बघा. साधारण ६० टक्के वजन ट्रेलरच्या ॲक्सलच्या पुढे हवं, मागे जास्त झालं की शेपूट हलणारच. मग गाडीच्या मागच्या टायरची हवा आणि पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश बघा, बुश खाल्लेले असतील तर ॲक्सल आडवा सरकतो. हलायला लागलाच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका आणि उलटं स्टेअरिंग तर अजिबात नको. घाट सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका. पाटे खोलले तर त्यांना ॲक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट नवेच लावा, आणि ५०० किलोमीटर झाले की गाडी चाकांवर उभी असताना परत कसून घ्या.