टीपीओचा आकडा मोठा आला म्हणजे थायरॉइड जास्त बिघडलाय का?

नेरुळहून एक ताई विचारतात: अँटी टीपीओ 980 आलंय, टीएसएच 3.1. दोन रात्री झोप नाही. आजार खूप पुढे गेलाय का?

नाही हो ताई. टीपीओ अँटिबॉडी म्हणजे आपल्याच शरीराने थायरॉइडला परकं समजायला सुरुवात केल्याची खूण, 1912 साली जपानी सर्जन हाशिमोटोंनी ज्या आजाराचं वर्णन केलं तोच हा. पण ग्रंथी काम किती करतेय हे टीएसएच (मेंदूकडून ग्रंथीला येणारा हुकूम, ग्रंथी मंदावली की तो वाढतो) आणि फ्री टी४ (ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन) सांगतात, आणि तुमचा टीएसएच ठीक आहे. माझ्याकडे टीपीओ हजाराच्या घरात असून धडधाकट असलेल्या बायका येतात, आणि दीडशेवाल्याचा टीएसएच 60 सुद्धा पाहिलाय. पुढे ग्रंथी मंदावण्याची शक्यता मात्र इतरांपेक्षा जास्त, त्यामुळे सहा महिने-वर्षाने टीएसएच करत राहा. टीपीओ परत परत करू नका, गोळीचा डोस त्यावर ठरत नाही, पैसे जातात आणि जीवाला घोर लागतो तो वेगळाच. बाळाचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा, दिवस राहिले की सुरुवातीचे महिने साधारण दर 4 आठवड्यांनी टीएसएच बघावा लागतो.

घोडबंदर रोडवरचे एक काका: मिसेसना ग्रेव्हज (थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतो तो आजार) आहे, तो आवरायची कार्बिमाझोल गोळी घेऊन दीड वर्ष झालं, रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर गोळी बंद करायच्या आधी ट्रॅब ही रक्ताची तपासणी सांगतायत. महाग आहे, करूच का?

काका, ही जरूर करा. इथे आकड्याला अर्थ आहे. ट्रॅब अँटिबॉडी टीएसएचचं सोंग घेऊन ग्रंथीला रात्रंदिवस कामाला जुंपते. ती अजून चढलेली असताना गोळी थांबवली तर आजार उलटायची भीती जास्त, नॉर्मलला आली असेल तर बंद करून बघता येतं. घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर ती बंद, ग्रेव्हजमध्ये डोळ्यांना सगळ्यात जास्त तीच नडते. आणि गोळी चालू आहे तोवर ताप आणि घसा दुखला तर क्रोसिन देऊन वाट बघू नका, गोळी थांबवा, त्याच दिवशी सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी, या गोळीने क्वचित पांढऱ्या पेशी घटतात) करा आणि डॉक्टरांना दाखवा.

ऐरोलीहून: थायरॉइडची गोळी तीच, तरी टीएसएच एकदम 0.08 आणि टी४ वर. काहीच त्रास होत नाहीये. असं कसं?

केसांसाठी काही घेताय का? अशाच एका मुलीने पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली, वर लिहिलेलं बायोटिन (केसांसाठी घेतात ते व्हिटॅमिन) 10,000 मायक्रोग्रॅम. बऱ्याच लॅबच्या मशीनमध्ये बायोटिन ढवळाढवळ करतं, टीएसएच खोटा कमी, टी४ खोटा जास्त, कधी ट्रॅबसुद्धा खोटा वाढलेला, म्हणजे कागदावर हुबेहूब ग्रेव्हज! तिने चार दिवस ती बंद ठेवून परत रक्त दिलं आणि सगळं जागेवर आलं. तुम्हीही आधी हे करा, डोस बदलायचं नंतर बघू.

ठाण्याहून: 7.12 ची लोकल पकडायची असते, थायरॉइडची गोळी चहासोबत घेतली तर चालेल?

नाही चालणार. नुसत्या पाण्याबरोबर घ्या, चहा निदान अर्ध्या तासाने. डोळे उघडले की पहिली गोळी, मग अंघोळ, डबा, तोवर अर्धा तास होतोच. कॅल्शियम नि लोहाची गोळी 4 तासांनी, ऑफिसात जेवणानंतर घेतली तरी चालेल.