अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये गॅलपहून शिपरॉकला जाताना तिथल्या मूळ रहिवासी नवाहो लोकांचं एखादं छोटं गाव बघता येईल का? काय काळजी घ्यावी?

हो, बघता येईल, आणि त्यासाठी वाट वाकडी करावी लागणार नाही. गॅलपहून ४९१ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला निघालात की तासाभरात न्यूकॉम हे नवाहोंचं गाव लागतं. मी फार्मिंग्टनला राहतो, या रस्त्याने वरचेवर जातो.

गाव म्हणजे घराला घर लागून आळी, असं डोळ्यांसमोर आणू नका. एक घर इथे तर दुसरं पार माळापलीकडे. काही घरांशेजारी होगन, म्हणजे नवाहोंचं पारंपरिक घर दिसेल, लाकूड-मातीचं, दार पूर्वेला. कच्च्या रस्त्याने आत शिरू नका. तो बहुतेक कुणाच्या तरी अंगणातच संपतो.

वेळ काढायचा तो इथल्या लोकरीसाठी काढा. न्यूकॉमच्या पश्चिमेचा टू ग्रे हिल्स आणि टोडलीना हा भाग विणकामासाठी नावाजलेला आहे. पांढरा, करडा, तपकिरी हे रंग मेंढीच्या अंगावरचेच. मी माणदेशातला, धनगरांच्या मेंढ्या आणि सणगरांची घोंगडी बघत वाढलो, म्हणून एका आजींच्या मागासमोर पाय निघेना. आपल्याकडचा माग आडवा, हा उभा. करडा रंग कुठून आला विचारलं, तर त्यांनी काळ्या आणि पांढऱ्या लोकरीचे दोन पुंजके एकत्र पिंजून माझ्या तळहातावर ठेवले. बोटांना लोकरीचा तेलकटपणा लागला, तोच घोंगडीचा वास आला. एका गालिच्यामागे कित्येक महिने जातात. घ्यायचा नसेल तर नुसता बघा, पण घासाघीस करू नका. टोडलीनाचं १९०९ सालचं ट्रेडिंग पोस्ट, म्हणजे गालिचे विकणारं जुनं दुकान, उघडं आहे का, ते निघण्याआधी फोनवर विचारून घ्या.

न्यूकॉमजवळच बेनेट पीक आणि फोर्ड ब्यूट हे काळे सुळके रस्त्याच्या दोन बाजूंना उभे आहेत. हे आणि शिपरॉक गावाजवळचा त्याच नावाचा सुळका एकाच जातीचे. सुमारे अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी वर येणाऱ्या शिलारसाची भूजलाशी गाठ पडून स्फोट झाले. तेव्हाची जमीन पुढे झिजून गेली आणि ज्वालामुखीचा आतला घसा तेवढा उघडा पडला. शिपरॉक माळावरून सुमारे ४८० मीटर उंच आहे आणि त्याच्यापासून दगडी भिंती दूरवर पसरल्यात. भेगांत शिरलेला रस थिजून अशा भिंती होतात. धुळे-नंदुरबारकडे माळावर अशाच भिंती तुम्ही पाहिल्या असतील, फक्त त्या दख्खनच्या, वयाने दुपटीहून जुन्या.

नवाहो लोक शिपरॉकच्या सुळक्याला त्से बिताई म्हणतात, पंखांचा खडक. तो त्यांना पवित्र आहे, १९७० पासून चढाईला बंदी आहे. देवराईत आपण कुऱ्हाड नेत नाही, तसंच हे समजा. रेड व्हॅलीकडे जाणारा १३ नंबरचा डांबरी रस्ता दक्षिणेच्या भिंतीतूनच पार होतो, तिथून छान दिसतं. ड्रोन नको. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत. दारू तर गाडीतही ठेवू नका, नवाहो नेशनमध्ये, म्हणजे नवाहोंच्या या स्वशासित प्रदेशात, बंदी आहे. भेटल्यावर 'याआतेह' (नमस्कार) म्हणा आणि हात हलका मिळवा, दाबून नाही.

पेट्रोल गॅलपलाच भरून घ्या.