एका चेंडूत २२ आणि १७४ चेंडूंत ३६

मागच्या अंकात सहज लिहून गेलो की भुसावळच्या रेल्वे मैदानावर मी एकतीस वर्षं स्कोअरबुक भरलं आहे, विश्वचषकाबद्दल काही विचारायचं असेल तर खुशाल पत्र टाका. झालं! चौदा पत्रं आली. त्यातली दोन शेवभाजीच्या रश्श्याबद्दल होती, ती संपादकबाईंकडे परत पाठवली. एकानं नोकरीसाठी वशिला मागितला आहे. उरलेल्यांपैकी जमतील तेवढी घेतो.

घरात वाद पेटला आहे. गावसकरांनी पूर्ण साठ षटकं उभं राहून ३६ धावा केल्या, असं मी सांगतो. नातू म्हणतो, आजोबा, ही मोबाईलवरची थाप आहे. खरं काय?
— एक निवृत्त शिक्षक, अमळनेर

गुरुजी, थाप नाही. ७ जून १९७५, लॉर्ड्स, पुरुषांच्या पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. इंग्लंडनं ४ बाद ३३४ केल्या, त्यात डेनिस ॲमिसच्या १३७. आपण साठ षटकांत ३ बाद १३२. हरलो २०२ धावांनी, आणि गावसकर सलामीला येऊन शेवटपर्यंत नाबाद: १७४ चेंडू, ३६ धावा, चौकार एक.

नातवाला कागद-पेन्सिल घेऊन बसवा. छत्तीसातला एक चौकार काढला की बत्तीस राहतात. त्या सगळ्या एकेरी होत्या असं धरलं, तरी धाव निघालेले चेंडू जास्तीत जास्त तेहतीस. म्हणजे निदान १४१ चेंडूंवर काहीही नाही. आमच्या भाषेत १४१ ठिपके. षटकाचे सहाही ठिपके पडले की आम्ही ते रेघांनी जोडून इंग्रजी एम काढतो, मेडनचा, म्हणजे एकही धाव न दिलेल्या षटकाचा. हे ठिपके एका रांगेत मांडले तर साडेतेवीस षटकं होतात. त्या दिवशीच्या स्कोअररच्या बोटांची मला आजही दया येते.

त्यांनी असं का केलं? आपल्याला हा प्रकार नवा होता हे खरं. भारताचा तो अवघा तिसरा एकदिवसीय सामना. पण नवखेपणानं माणूस चुकीचे फटके मारतो, फटके सोडून देत नाही. ३३५ होणार नाहीत म्हणून फलंदाजीचा सराव करून घेतला, असंही लोक म्हणतात. खुद्द गावसकरांनी नंतर ती आपली सर्वांत वाईट खेळी मानली. त्यावर मी काय बोलणार!

आमचे वडील साठ षटकांच्या मॅचबद्दल सांगतात. साठाची पन्नास कधी आणि का झाली?
— चाळीसगाव

१९८७ साली, विश्वचषक आपल्याकडे आला तेव्हा. कारण सूर्य. विलायतेत जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. १९७५ ची अंतिम लढत, वेस्ट इंडिज आणि ऑस्ट्रेलियाची, २१ जूनला झाली, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी. सकाळी अकराला सुरू झालेला तो सामना संपला तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते, आणि दिवे लावावे लागले नाहीत. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सहाच्या आत अंधारून येतं. दिवसाला १२० षटकं बसवायची कुठं? म्हणून शंभर.

त्या वर्षीचा एक सामना मी डोळ्यांनी पाहिला आहे, तेवढं सांगू द्या. शनिवार, ३१ ऑक्टोबर, नागपूर, सिव्हिल लाइन्समधलं व्हीसीएचं (विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं) जुनं मैदान, भारत-न्यूझीलंड. रेल्वेचा पास होता. रात्रीची गाडी धरली, डब्यात कळण्याची भाकरी, ठेचा आणि भरीत. भरीत सकाळपर्यंत टिकणार नाही असं बायको म्हणाली होती. बडनेऱ्याच्या आतच संपलं. काखेत स्कोअरबुक. तिकीट काढून मॅच बघायला जाणारा आणि वर वही भरत बसणारा माणूस शेजाऱ्यांना येडाच वाटला असणार.

चेतन शर्मानं ओळीनं तिघांच्या दांड्या उडवल्या. रुदरफोर्ड, इयन स्मिथ, चॅटफील्ड. विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक. माझ्या मांडीवर वही, आणि मी तिसऱ्या चेंडूला उभा! वही खाली. ती उचलून लिहायला घेतली आणि त्या गडबडीत स्मिथचं बाद होणं चॅटफील्डच्या ओळीत लिहिलं. खोडलं, पुन्हा लिहिलं. एकतीस वर्षांत मला लाज वाटावी अशी खाडाखोड तेवढी एकच, आणि ती पहिल्या हॅटट्रिकवर!

न्यूझीलंड ९ बाद २२१. ऑस्ट्रेलियाला मागं टाकून गटात पहिलं यायचं तर आपल्याला ते ४२.२ षटकांत गाठायचे होते. आपण ३२.१ षटकांत गाठले. श्रीकांतच्या ७५, आणि गावसकरांच्या ८८ चेंडूंत नाबाद १०३. अंगात ताप होता म्हणतात. एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं ते एकमेव शतक. गुरुजी, नातवाला हेही सांगा.

पाच दिवसांनी वानखेडेवर इंग्लंडच्या ग्रॅहम गूचनं स्वीप मारमारून ११५ केल्या आणि आपण उपांत्य फेरीत ३५ धावांनी हरलो. त्या सामन्याला मी गेलो नव्हतो. बरं झालं.

सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत मी पहिला क्रिकेट विश्वचषक १९७३ असं लिहिलं, कारण आत्यानं सांगितलं होतं. परीक्षकांनी चूक दिली. आत्या चुकली का?
— इयत्ता आठवी, धरणगाव

नाही बेटा, परीक्षक चुकले. महिलांचा विश्वचषक १९७३ साली इंग्लंडमध्ये झाला, पुरुषांच्या दोन वर्षं आधी. रेचल हेहो फ्लिंट या इंग्लंडच्या कर्णधार. त्यांनी आणि जॅक हेवर्ड नावाच्या उद्योगपतीनं ही कल्पना काढली, आणि हेवर्ड यांनी चाळीस हजार पौंड घातले. सात संघ होते. शेवटचा सामना २८ जुलैला एजबॅस्टनला. ईनिड बेकवेलनं ११८ काढल्या, इंग्लंडनं ऑस्ट्रेलियाला ९२ धावांनी हरवलं. आपला संघ त्यात नव्हता. तो आला १९७८ साली, तेव्हा यजमानही आपणच होतो आणि कर्णधार डायना एडलजी.

आणि २ नोव्हेंबर २०२५ तू पाहिलंच असशील. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, नवी मुंबई, दीप्ती शर्माच्या ५८ धावा आणि ३९ धावांत पाच बळी. दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय. तो सामना मी टीव्हीसमोर बसून वहीत उतरवला, तुला हवा तर पानाची झेरॉक्स पाठवतो. परीक्षकांनाही एक पाठवू का? नको, तू आत्यालाच पाठव शाळेत.

त्या बावीस रनस्ना हिशोब आमले आजपावत समजना नही, अण्णा. केळीवाला मानूसले समजी असा सांगा.
— शिरपूर

सांगतो दादा. आधी काय घडलं ते. २२ मार्च १९९२, सिडनी, विश्वचषकाचा उपांत्य सामना. इंग्लंडच्या ४५ षटकांत ६ बाद २५२. दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ हव्या होत्या. पाऊस आला, दोन षटकं कापली. तेरातून बारा गेले, उरला एक चेंडू. धावा मात्र कापल्या एकच! फलकावर झळकलं, एका चेंडूत २२. खरा आकडा २१ होता, पण त्यानं काय फरक पडतो? मॅकमिलननं तो चेंडू ढकलून एक धाव घेतली आणि सगळे आत गेले.

आता केळी. समजा तुमची आणि भावाची पैज लागली, पन्नास-पन्नास झाडांत कोणाचा माल जास्त भरतो. भावानं कापणी करून काट्यावर वजन केलं. तुमची कापणी चालू असताना वादळ आलं, तीन झाडं आडवी. तुमची सत्तेचाळीस राहिली, मग भावाच्याही वजनातून तीन घड वजा करायला पाहिजेत. पण कोणते? सरासरीचे तीन काढले तर ठीक. पंच म्हणाले, भावाचे सर्वांत हलके तीन काढा. आणि भावाचे हलके तीन म्हणजे नुसते करपलेले, तिन्ही मिळून दोन किलो. म्हणजे तुम्ही सत्तेचाळीस झाडांत त्याच्या जवळजवळ पन्नास झाडांचं वजन भरायचं. झाड म्हणजे षटक, वजन म्हणजे धावा: पावसानं जितकी षटकं जातील तितकी पहिल्या संघाची सर्वांत कमी धावांची षटकं वगळायची, असा तो नियम.

हे तीन आणि दोन मी मनानं घेतलेले नाहीत. त्याच विश्वचषकात १ मार्चला ब्रिस्बेनला आपल्याशी हेच झालं. ऑस्ट्रेलिया ९ बाद २३७. पावसानं आपली तीन षटकं गेली आणि लक्ष्य कमी झालं फक्त दोनानं: ४७ षटकांत २३६. अझरुद्दीन ९३. शेवटच्या चेंडूवर श्रीनाथनं उंच मारला, सीमेवर स्टीव्ह वॉच्या हातून झेल सुटला, त्यानं तिथूनच फेकला आणि तिसरी धाव घेताना राजू धावबाद. २३४. एका धावेनं गेलो. दक्षिण आफ्रिकेसाठी जग हळहळलं, वर्णभेदामुळं घातलेली बंदी उठल्यावरचा त्यांचा तो पहिलाच विश्वचषक होता. आपल्या त्या तीन षटकांची कोणी आठवणही काढत नाही. मला मात्र अजून झोंबतं.

हा नियम मूर्खांनी केला नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. त्याआधी नुसती सरासरी काढायचे, त्यात नंतर खेळणाऱ्याचं फावायचं. तो काटा सरळ करायला गेले आणि दुसरीकडे झुकला. पुढे फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुइस या दोन आकडेतज्ज्ञांनी मुद्दा पकडला की नुसती षटकं मोजून भागत नाही, हातात गडी किती आहेत तेही मोजा. पन्नास झाडं उभी आहेत पण घड किती लागलेत, हे बघायला नको? त्यांची पद्धत आंतरराष्ट्रीय सामन्यात पहिल्यांदा लागली १ जानेवारी १९९७ ला, हरारेला. तिचा तक्ता मला पाठ होत नाही, मी फोनमध्ये बघतो.

२०१९ चा विश्वचषक खरा कोणाचा?
— नंदुरबार

कागदावर इंग्लंडचा. अंतिम सामन्यात इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांच्या २४१, बरोबरी सोडवायच्या एकेका जादा षटकात, म्हणजे सुपर ओव्हरमध्ये, दोघांच्या पंधरा, मग चौकार-षटकार मोजले: २६ विरुद्ध १७. माझ्या वहीत न्यूझीलंडचे आठ गडी बाद आहेत आणि इंग्लंडचे दहा. मला विचारलं असतं तर मी त्या रकान्याकडे बोट दाखवलं असतं. तो नियम त्याच वर्षी बदलला.

कपिलच्या १७५ चं चित्रीकरण नाही म्हणतात. मग ती खेळी तशीच होती हे कशावरून?
— पाचोरा

स्कोअरबुकावरून! असा प्रश्न स्कोअररला विचारतात होय?

१८ जून १९८३, विश्वचषक, इंग्लंडमधलं टनब्रिज वेल्स. बीबीसीचे कॅमेरे तिथं नव्हते. पण मैदानाच्या कडेला वही घेऊन बसलेली माणसं होती. झिम्बाब्वेविरुद्ध ५ बाद १७, तिथून ८ बाद २६६. कपिल १३८ चेंडूंत नाबाद १७५, सोळा चौकार, सहा षटकार. म्हणजे बावीस चेंडूंत शंभर, आणि उरलेल्या ११६ चेंडूंत पंचाहत्तर पळून काढलेल्या. बाकी सगळे मिळून, अवांतर धरून, ९१. किरमाणीनं नाबाद २४ केल्या आणि दोघांनी नवव्या गड्यासाठी १२६ जोडल्या.

रविवारी सकाळी मुंबईहून पेपरांची गठडी गाडीनं यायची. मी फलाटावरच सुटा अंक काढून घेतला. ५ बाद १७ वाचलं आणि खाली बघायचं धाडस होईना. माझ्याबरोबरचा पॉइंट्समन म्हणाला, "काय व्हयनं भो, हारनूत का?" मी त्याच्या हातात पेपर दिला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. तो बोटानं खाली खाली गेला आणि १७५ वर थांबला.

तो कात्रण केलेला धावफलक माझ्याकडे आहे. कडा पिवळ्या पडल्यात, आणि किरमाणीच्या नावावर चहाचा डाग आहे.

स्कोअरबुक कुठं मिळतं? आमच्या गल्लीच्या टुर्नामेंटला पाहिजे.
— यावल

जळगावला खेळाच्या सामानाच्या दुकानात विचारा. नाही मिळालं तर मोठ्या चौकटींची गणिताची वही घ्या. आडवी धरा. डावीकडे फलंदाजाचं नाव, त्याच्यापुढे धावांसाठी लांब जागा, मग कसा बाद झाला, मग गोलंदाज, शेवटी बेरीज. खाली गोलंदाजांसाठी प्रत्येक षटकाला एक चौकट, तीत सहा ठिपके मावले पाहिजेत. पेन नको, पेन्सिल. आणि वाइडचे चेंडू मोजताना गल्लीतल्या पोरांचं ऐकू नका.