मराठवाड्यात फ्रोजन झिंगेच मिळतात. घरी तळले की पीठ सुटतं आणि झिंगा चिवट होतो. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की लातूरला फ्रोजनचं पाकीट आणता, कोमट पाण्यात सोडवता, मसाला लावून दोन तास ठेवता, बेसन-रव्यात घोळवून मंद आचेवर दहा मिनिटं तळता. तरी पीठ कढईच्या तळाशी बसतं आणि झिंगा रबर होतो. खरं सांगायचं तर, या पद्धतीने दुसरं काही होणारच नाही.

आपल्या हाताला सवय मटणाची. मटण जितकं शिजेल तितकं मऊ होतं, कारण त्यातलं चिवट कोलॅजेन सावकाश जिलेटिन होऊन विरघळतं. झिंग्यात असं सावकाश विरघळावं लागेल असं फारसं काही नसतं. आच लागली की त्याचं मांस आवळतं, पिळलेल्या फडक्यासारखं आतलं पाणी बाहेर टाकतं, आणि पुढचा प्रत्येक मिनिट त्याला आणखी चिवट करतो. मध्यम झिंग्याला गरम तेलात दोन मिनिटं पुरतात, अंगठ्याएवढ्या जाड झिंग्याला तीन. खरी मेहनत कढई चढवण्याआधीची, आणि ती सगळी पाणी काढण्याची.

आधी पाकीट. समुद्र आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर, त्यामुळे कोकणातल्या रेसिपीतली 'ताजी कोळंबी' इथे विसरा. आपल्याकडे येते ती बहुतेक वेनामी, आंध्र प्रदेशातल्या तळ्यांत वाढवलेली. ही जात मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची. भारतात तिची शेती २००९ नंतर फोफावली. तळायला ती उत्तम आहे, नाक मुरडायचं कारण नाही. बऱ्याच पाकिटांवर २६/३० किंवा ३१/४० असा आकडा असतो. एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, तितके नग बसतात. तळण्यासाठी हे दोन आकार बरे. गोठल्यावर झिंगे सुकू नयेत म्हणून त्यांच्यावर बर्फाचं पातळ कवच चढवतात, म्हणून बर्फ सोडून निव्वळ वजन किती ते वाचा. घटकांमध्ये ४५१ किंवा ४५२ दिसलं तर ते फॉस्फेट. ते मांसात पाणी धरून ठेवतं आणि तेच पाणी तुमच्या कढईत सुटतं. नुसते झिंगे आणि मीठ असलेलं पाकीट मिळालं तर तेच उचला.

पाकीट हातात घेऊन हलवा. झिंगे सुटे खुळखुळले पाहिजेत. सगळ्यांचा मिळून एकच गोळा झाला असेल तर मध्ये कुठेतरी ते वितळून पुन्हा गोठलेत. आपल्याकडे वीज किती वेळ जाते हे मी तुम्हाला काय सांगू! असं पाकीट परत ठेवा. घरी उघडल्यावर अमोनियासारखा उग्र वास आला तर सरळ टाकून द्या, मसाल्याने तो झाकत बसू नका.

सोडवायचं ते रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीत, खाली ताट ठेवून. घाई असेल तर बंद पिशवीत घालून गार पाण्यात अर्धा तास. गार म्हणजे माठातलं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला येतं तेव्हा त्यात झिंगा सुटत नाही, उकडायला लागतो. ओट्यावर तसेच ठेवणं तर उन्हाळ्यात नकोच.

आता सोलणं. पाठीवर दुसऱ्या-तिसऱ्या कड्याच्या सांध्यात टूथपिक आडवी खुपसून हळू वर उचला. काळा दोरा अखंड निघून येतो. ते आतडं आहे. शेपूट ठेवणार असाल तर तिचं टोक तिरकं कापा आणि सुरीच्या पाठीने आतलं पाणी निपटून काढा. तेल उडून हाताला चटका बसतो तो बहुतेक या शेपटीतल्या पाण्यामुळे. पोटाच्या बाजूने तीन-चार उथळ चिरा दिल्या तर झिंगा तळताना फार वळत नाही.

मग सुती पंचावर पसरा, वरून दुसरा पंचा दाबा, आणि पंचा ओला झाला की बदला. इथे कंटाळा केला की पुढचं सगळं फुकट. पीठ सुटतं ते ओल्या अंगावरून.

मसाला साधा ठेवा: हळद, तिखट, वाटलेला लसूण घट्ट पिळून. वीस मिनिटं पुष्कळ झाली. मीठ आणि लिंबू अगदी शेवटी. मीठ पाणी ओढतं आणि लिंबातलं आम्ल जास्त वेळ राहिलं तर झिंगा कढईत जायच्या आधीच आवळून पांढरा पडतो. आपला काळा मसाला घालायचा मोह होईल. चिमूटभरच घाला आणि पिठाच्या आत राहू द्या. त्यातलं खोबरं आणि मसाले आधीच भाजलेले असतात, उघडे तेलात पडले की करपून कडू लागतात.

वरच्या आवरणाला माझं मत बेसनाच्या विरोधात. बेसनाने भजं होतं, आणि भजं हवं असेल तर खुशाल करा. कुरकुरीत हवं तर दोन वाट्या तांदळाचं पीठ, एक वाटी बारीक रवा, एक वाटी ज्वारीचं पीठ. ज्वारीत ग्लूटेन नसल्याने ती कोरडी, खुसखुशीत राहते, चवही आपली. झिंगे कोरड्या पिठात घोळवून ताटात पाच मिनिटं सुटे ठेवा, जादा पीठ झटकून टाका.

तेल रिफाइंड शेंगदाण्याचं किंवा करडईचं. घाण्याचं करडई तेल भाकरीवर, चटणीवर सुंदर लागतं, पण तळणीत लवकर धुरावतं. कढईत दोन बोटं खोल तेल, तापमान १७५ ते १८० अंश. थर्मामीटर नसेल तर लाकडी उलथन्याचं टोक बुडवा. त्याभोवती एकसारखे बुडबुडे लगेच उठले पाहिजेत. एका वेळी पाच-सहाच झिंगे सोडा. सगळा घाणा एकदम टाकला की तेल थंड होतं आणि झिंगा तळण्याऐवजी तेल पितो. झाकण मुळीच नको.

ज्यांच्याकडे सासूबाईंच्या धाकाने सामिषाची शेगडी गच्चीवर किंवा अंगणात लागते, त्यांनी वाऱ्याकडे बघावं. आच विखुरते आणि तेल तापतच नाही. बाजूला पत्रा उभा करा, घाणा आणखी लहान ठेवा.

तयार झालाय हे कानाला आधी कळतं. सुरुवातीची तडतड म्हणजे पाणी बाहेर पडणं. ती उतरली की झाऱ्यात एक उचलून पाहा. राखाडी, काचेसारखं मांस दुधी पांढरं झालेलं हवं, मध्यभागीसुद्धा, कडा केशरी. वाक अर्धचंद्रासारखा हवा. पूर्ण वेटोळं झालं तर वेळ जास्त झाला. काढल्यावर जाळीवर ठेवा. वर्तमानपत्राच्या ढिगावर टाकले की खालचे वाफेने मऊ पडतात, शिवाय शाई लागते ती वेगळीच.

गोदाकाठच्या बाजारात कधी गोड्या पाण्यातले बारीक झिंगे मिळाले तर हे सोपस्कार सोडा. डोकं आणि मिशा खुडा, साल राहू द्या, स्वच्छ धुऊन पिळून घ्या आणि लसूण-तिखटावर तव्यात खरपूस होईपर्यंत परता. अर्धकच्चे मात्र खाऊ नका. ज्वारीच्या भाकरीबरोबर ते वेनामीपेक्षा सरस लागतात.

घरात कुणी पहिल्यांदाच खाणार असेल, विशेषतः मूल, तर एकच तुकडा द्या आणि थोडं थांबा. झिंग्याची अ‍ॅलर्जी खरी असते. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या की थेट दवाखाना.