वुडवर्ड ड्रीम क्रूझमध्ये निम्म्या जुन्या गाड्या बॉनेट उघडून उभ्या का असतात?

प्रश्नकर्ते डेट्रॉईटला मुलाकडे आले असताना वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर दरवर्षी निघणारा जुन्या गाड्यांचा ताफा, म्हणजे ड्रीम क्रूझ, पाहून गेले. त्यांचं म्हणणं, "या अमेरिकन गाड्या मुळातच भंगार होत्या का? आणि पुन्हा जायचं तर कुठे बसावं?"

भंगार? अहो, निम्मी बॉनेट मिरवायला उघडलेली असतात. इंजिन दाखवायचं नसेल तर क्रोम कशाला चढवायचं? उरलेल्या, ज्यांच्याखाली हिरवं कूलंट सांडलेलं असतं, त्यांचा दोष बहुतेकदा कारखान्याचा नसतो, नंतर हात घालणाऱ्यांचा असतो.

ऑगस्टचा तिसरा शनिवार, फर्न्डेल ते पॉन्टिअ‍ॅकचा रस्ता, आणि गाड्या गोगलगायीसारख्या. पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन ६००-७०० आरपीएमवर असेल तर पंखाही त्याच बेताने फिरणार. म्हणून रेडिएटरमागे श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचं आवरण, असतं, आणि पात्यांची रुंदी निम्मी त्याच्या आत, निम्मी बाहेर हवी. 'इंजिन झाकलं जातं' म्हणून हौशी लोक नेमकं तेच काढून ठेवतात. गाडी तापलेली असताना, इंजिन आयडलिंगवर (गाडी उभी, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) ठेवून रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागद धरा. चिकटून राहिला तर ठीक. गळून पडला तर श्राउड नाही, किंवा फॅन क्लच (पंख्याला इंजिनाच्या फिरण्याशी जोडणारा भाग) गेलाय. थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे पाणी सोडणारी झडप) काढून फेकू नका, ८२ अंश सेल्सिअसचा बसवा.

पण खरी मेख टायमिंगमध्ये, म्हणजे ठिणगी केव्हा पडते त्यात आहे. ठिणग्या वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला चिकटून व्हॅक्यूमची डबी असते, व्हॅक्यूम मिळाला की ती ठिणगी लवकर पाडते. तिची नळी कुठे जोडायची, यावरून इथल्या क्लबांत भाऊबंदकी चालते. पोर्टेड तोंड कार्ब्युरेटरमधल्या थ्रॉटलच्या पातीच्या वर, म्हणजे आयडलिंगला तिथे व्हॅक्यूम जवळपास नाहीच. मॅनिफोल्डच्या (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळकांड्याच्या) तोंडाला तो आयडलिंगलाही भरपूर मिळतो. नळी मॅनिफोल्डलाच जोडा, असं माझं स्पष्ट मत. आयडलिंगला मिश्रण हळू जळतं. ठिणगी उशिरा पडली की जळणं एग्झॉस्टपर्यंत लांबतं, आणि ती उष्णता हेडमधून पाण्यात उतरते. रेडिएटर बदलून काय होणार?

शेव्हीच्या (शेव्हरोलेच्या) स्मॉल ब्लॉक इंजिनाला मी असं ठेवतो: नळी काढून, तोंड बंद करून बेस टायमिंग (पिस्टन वर पोचण्याआधी ठिणगी किती अंश आधी) ८ ते १२ अंश, ३,००० आरपीएमच्या आसपास एकूण ३४ ते ३६. मग नळी मॅनिफोल्डला. डबी १४-१६ अंश वाढवते, म्हणजे आयडलिंगला २२-२८ मिळतात. आरपीएम चढेल, तो आयडल स्क्रूने खाली आणा. डबी मात्र आयडलिंगच्या व्हॅक्यूमपेक्षा किमान २ इंच (पाऱ्याचे) कमी व्हॅक्यूमवर पूर्ण ओढली जाणारी हवी, नाहीतर टायमिंग नाचतं.

दुसरा आजार म्हणजे काटा नॉर्मल, पण बंद केलेली गाडी दहा मिनिटांनी सुरू होत नाही. इंजिनाच्या उष्णतेने कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरलेलं असतं. १० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलने हे वाढतं. (भारतात ई-२० वर जुनी गाडी चालवणाऱ्यांनीही ऐकावं.) कार्ब्युरेटरखाली १२ मिलिमीटरचा, उष्णता अडवणारा फिनॉलिक स्पेसर घाला, जुन्या रबरी नळ्या काढून इंधनासाठीच्या ३० आर ९ दर्जाच्या लावा. सुरू करताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका.

आणि ते पेट्रोलच्या नळीवर ओळीने लावलेले कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे! आमच्याकडचे एक ज्येष्ठ त्यांच्या शपथा घेतात. लाकूड उष्णता ओढून घेत नाही हो. चिमटे लावेपर्यंत इंजिन निवतं, श्रेय चिमट्यांना.

हां, रेसिंग कॅम (झडपा उघडणारा दांडा) असलेल्या इंजिनांना आयडलिंगला व्हॅक्यूमच कमी असतो, त्यांचं गणित वेगळं. काही गाड्यांना कारखान्यातूनच पोर्टेड जोडणी होती, तिथे आधी त्या वर्षाचं शॉप मॅन्युअल पाहा. पण ट्रॅफिकमध्ये तापत असेल तर नळी बदलून पाहायला पाच मिनिटं लागतात, आणि त्या ज्येष्ठांनी एवढंही कधी केलेलं नाही.

बसायचं म्हणाल तर रॉयल ओकमध्ये, १३ माईल रोडजवळ, वुडवर्डच्या पश्चिम बाजूला, म्हणजे दुपारचं ऊन पाठीवर येतं. मस्टँग हव्या असतील तर फर्न्डेलला ९ माईलपाशी. तिकीट नाही, घडीची खुर्ची न्या. गाड्या धावताना पाहायच्या असतील तर शनिवारच्या आधी बुधवार-गुरुवारी संध्याकाळी जा. तेव्हा रस्ता मोकळा असतो आणि कूलंटही रेडिएटरमध्येच असतं.