बेअरबोनमध्ये हाड नाही, दाढी आहे

प्रश्न असा आलाय की इंग्लंडच्या १६५३ मधल्या 'बेअरबोन्स पार्लमेंट'ला मराठीत 'अस्थिपंजर संसद' म्हटलं तर चालेल का, आणि त्यातला तो बेअरबोन चांभार होता ना. चालणार नाही, आणि नव्हता. हा सांगाडा परीक्षेच्या नोट्समधून इतका फिरलाय की आता ऐकलं तरी डोकं तडकतं.

'बेअर बोन्स' म्हणजे अगदी गरजेपुरतं, हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या तोंडचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे, त्याचा इथे संबंधच नाही. ही संसद एका माणसाच्या आडनावावरून ओळखली जाते. प्रेझ-गॉड बेअरबोन, लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरचा चामड्याचा व्यापारी, 'कुलूप आणि किल्ली' ही त्याची पाटी. जोडे शिवणाऱ्यांची कॉर्डवेनर्स ही गिल्ड, म्हणजे धंदेवाल्यांची संघटना, वेगळी, हा लेदरसेलर्स कंपनीतला, म्हणजे माल विकणारा. धंदा सांभाळून हा प्रवचनंही करायचा, आणि डिसेंबर १६४१ मध्ये प्रवचन चालू असतानाच जमाव घरावर चालून आला. पुढे एप्रिल १६५३ मध्ये राजाविरुद्ध लढलेल्या फौजेचा सेनापती क्रॉमवेल याने उरलीसुरली जुनी संसद हाकलली, निवडणूक न घेता १४० माणसं नेमली, त्यात लंडन शहराच्या नावाने हा आत गेला. ४ जुलैला बसलेली सभा १२ डिसेंबरला संपली, तीही कशी, तर मवाळ मेंबर सकाळी लवकर येऊन बसले आणि विरोधक जमायच्या आत सत्ता क्रॉमवेलच्या हातात परत देऊन मोकळे!

आता एवढ्या सभासदांत याचंच नाव का चिकटलं? कारण टवाळांना आयतं मिळालं. दुकानदार, वर प्रवचनकार, वर 'देवाची स्तुती कर' असं नाव आणि पुढे 'उघडं हाड'. हा शब्द तेव्हा चेष्टेत चालायचाच, शेक्सपिअरच्या नाटकात प्रिन्स हॅल जाड्या फॉल्स्टाफला 'बेअर-बोन' म्हणून चिडवतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. हेच आडनाव 'बार्बन' असंही लिहिलेलं सापडतं. फ्रेंचमध्ये 'बार्बों' म्हणजे दाढीवाला म्हातारा, मूळ लॅटिन 'बार्बा' म्हणजे दाढी, ज्यावरून इंग्रजांचा न्हावी 'बार्बर' झाला. तर माझं म्हणणं असं की हे घराणं मुळात दाढीवाल्यांचं, आणि इंग्रजी कानांनी 'बार्बन'चं 'बेअरबोन' करून टाकलं, कारण अनोळखी शब्द कानावर पडला की लोक त्यात ओळखीचा शब्द शोधतातच. पुरावा म्हणून मी कुणाच्या दाढीचा केस आणून दाखवू शकत नाही, अंदाज आहे, पण 'हाड' धरून बसलेल्या इतिहासवाल्यांकडे तरी काय आहे, स्पेलिंगच ना? तेही त्या काळातलं, जेव्हा एकच माणूस स्वतःचं नाव दोनदा सारखं लिहील याची खात्री नसायची! स्पेलिंग बघून व्युत्पत्ती सांगणाऱ्यांनी आधी 'बार्बन'चं काय ते सांगावं, मग आम्हाला शिकवावं.

माणूस मात्र हाडाचा राजेशाहीविरोधी. फेब्रुवारी १६६० मध्ये हटवलेली राजेशाही परत येणार अशी हवा असताना त्याने संसदेत उलट अर्ज दिला, लोकांनी त्याच्या खिडक्या फोडल्या, त्या महिन्यात दुसऱ्यांदाही फोडल्या, त्या काळचा लंडनचा डायरीकार सॅम्युअल पेप्स याने टिपलंय. नोव्हेंबर १६६१ मध्ये त्याला टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यातल्या तुरुंगात डांबलं, पुढच्या उन्हाळ्यात सोडलं.

आणि मुलगा बघा. निकोलस. युट्रेख्टचा डॉक्टर, पण १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये घरं बांधत सुटला, आगीचा विमा विकायला लागला, व्यापारावर पुस्तक लिहिलं आणि १६९० मध्ये ब्रॅम्बर या मतदारसंघातून पार्लमेंटात गेला. तो आडनाव काय लावायचा? बार्बन. बापाच्या नावाची इतकी टिंगल झाल्यावर त्याने हाड टाकून दिलं असेल असं कुणी म्हणेल, म्हणू दे, मी म्हणतो त्याने घरातली दाढी परत लावली.